सीआरपी, ईएसआर आणि आपली पाठ : तुमचे अनुभव सांगा

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या कण्याला सूज आणणारा संधिवात) निघाला त्याला आता ७ वर्षं झाली, रत्नागिरीत असतो. दर ३ महिन्यांनी सीआरपी-ईएसआर, म्हणजे अंगात सूज किती आहे ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, करायच्या आणि रिपोर्ट उघडताना दहावीच्या निकालासारखी धाकधूक. पहिल्यांदा सीआरपी ३८ होता, तेव्हा पहाटे ४ ला कंबर धरून पडवीत येरझाऱ्या घालायचो, इंजेक्शन सुरू झाल्यावर महिन्याभरात ४ वर आला, पाठही मोकळी झाली. पण गेल्या महिन्यात आकडा ३ आणि सकाळी वाकून चपलेचा पट्टा लावता येईना! तुमचं दुखणं आणि आकडे जुळतात का?

दापोलीहून
माझा सीआरपी आजवर ५ च्या वर गेलाच नाही हो. सासूबाई म्हणायच्या रिपोर्ट तर चांगलाय, मग कसली नाटकं. शेवटी एमआरआय केला, त्यात कमरेखालच्या सांध्यात सूज दिसली. डॉक्टर म्हणाले या आजारात कितीतरी जणांचा सीआरपी नॉर्मलच असतो, त्यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. सासूबाईंना मुद्दाम सोबत नेलं होतं, हे ऐकायला.

चिपळूण
गावात केला तेव्हा २४, पुढच्या वेळी मुंबईला केला तर २.४. पेढे वाटायचे बाकी होते! डॉक्टरांनी युनिट दाखवलं, एक मिलिग्रॅम पर लिटर आणि दुसरा पर डेसिलिटर, म्हणजे आकडा तोच, फक्त १० पटीचा खेळ. तेव्हापासून एकाच लॅबमध्ये जातो.

कुडाळजवळ
जुलैत लावणी चालू होती, ताप आला, सीआरपी १४० च्या वर. मला वाटलं पाठीचंच उफाळलं आणि अडलिमुमॅबचं (प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करणारं) इंजेक्शन घेणारच होतो, बायकोने आधी फोन करायला लावला. निघाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग). इंजेक्शन थांबवायला सांगितलं, अँटिबायोटिक दिलं, ताप उतरला तसा आकडाही भराभर खाली. सीआरपीला काय, सूज कसलीही चालते. चिखलात उतरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

गुहागर
माझं उलटं, सीआरपी ४ आणि ईएसआर ७२. हिमोग्लोबिन ८ होतं, रक्त कमी असलं की तांबड्या पेशी नळीत लवकर खाली बसतात म्हणे, म्हणून ईएसआर फुगतो. लोहाच्या गोळ्यांनी तो उतरला, पाठ होती तिथेच.

अलिबाग
एचएलए बी-२७ ची रक्ततपासणी (या आजाराशी जोडलेल्या जीनची) दरवर्षी करायची का? मी ३ वेळा केली, पैसे गेले.

रत्नागिरी (धागा काढणारा)
नाही हो, तो जीन आहे, बदलत नाही, एकदा केली की झालं. आजार आत्ता किती जोरात आहे ते त्यातून कळत नाही. माझ्या भावाचीही पॉझिटिव्ह आहे आणि तो मजेत कबड्डी खेळतो. आमचे डॉक्टर अॅस्डास, म्हणजे आजाराचा जोर मोजणारा स्कोअर, काढतात, पाठदुखी, सकाळचा ताठरपणा वगैरे ४ प्रश्न आणि जोडीला सीआरपी, १.३ च्या खाली आलं की आजार शांत.

मालवण
आमच्या आयेक सीआरपी काय ता कळणा नाय. मी सकाळी पेजेक किती वाजता येतंय ता बगता फक्त. आठाक इलंय तर गप, धा वाजले की म्हणता, डॉक्टराक फोन लाव.