बंदी की बोली? ‘हीरोज ३’च्या स्पर्धेत टाउन आणि सुरुवातीचा हिरो कसा ठरवावा

रामबागकर

‘हीरोज ३’ या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळाच्या, इंदूरमधल्या आपल्या दिवाळीच्या स्पर्धेचे नियम नव्याने लिहायला घेतले आहेत आणि गेल्या वर्षीची वर्ज्य यादी जशीच्या तशी पुढे न्यावी, असे बहुतेकांचे मत दिसते. त्या यादीत कॉन्फ्लक्स हे टाउन (म्हणजे खेळाडूला सैन्य पुरवणारे शहर) संपूर्ण बंद होते, आणि किरे, गुन्नार व डेसा हे लॉजिस्टिक्समध्ये, म्हणजे मॅपवरची चाल वाढवणाऱ्या कौशल्यात, निपुण असलेले तिन्ही हिरो (सैन्य घेऊन मॅपवर फिरणारे नायक) सुरुवातीला घेता येत नव्हते. माझा आक्षेप यादीतल्या नावांना नाही, यादी करण्यालाच आहे.

१९९९ मध्ये हा खेळ आला तेव्हापासून त्यातली टाउन्स असमान आहेत, आणि माझ्या मते तीच त्याची गोडी आहे. ‘हॉर्न ऑफ द अबिस’ या चाहत्यांनी केलेल्या विस्तारात आकडे कापून पाहिले गेले. नेक्रोमन्सी, म्हणजे मेलेल्यांतून सांगाडे उठवण्याचे कौशल्य, १०, २०, ३० टक्क्यांवरून ५, १०, १५ वर आणली, आणि सर्वोच्च पातळीचे लॉजिस्टिक्स ३० वरून २० टक्क्यांवर. तरीही दहाव्या लेव्हलच्या किरेला आपल्या निपुणतेमुळे २० ऐवजी ३० टक्के चाल वाढवून मिळते. मूळ चाल १,७०० गुण धरली आणि साध्या जमिनीवर सरळ जाताना एका घराला १०० गुण लागतात हे लक्षात घेतले, तर हा फरक आठवड्याला सुमारे बारा घरांचा होतो. लांबरुंद मॅपवर ही बारा घरे म्हणजे एखादी खाण आणि दोन पेट्या. चिंचोळ्या मॅपवर त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. सर्व मॅपना लागू पडेल असा एकच योग्य आकडा नियमावलीत लिहिता येईल, हे मला म्हणूनच पटत नाही.

त्याऐवजी मोठ्या स्पर्धांमध्ये रुळलेली बोलीची पद्धत घ्यावी. टाउन आणि हिरो यांच्या दोन जोड्या चिठ्ठीने काढायच्या. ज्याला जी बाजू हवी असेल त्याने त्यासाठी सुरुवातीचे सोने सोडायचे, आणि तेवढेच सोने प्रतिस्पर्ध्याला जास्त मिळायचे. चोइथराम मंडीत लसणाच्या ढिगाचा भाव समोरचा ढीग पाहूनच बोलला जातो, तसाच किरेचा भाव समोरचा मॅप पाहून ठरावा.

सुदामानगरवाला

रामबागकर, मंडीचा दाखला तुमच्यावरच उलटतो. तिथे बोली लावणारा रोजचा व्यापारी असतो आणि पहिल्यांदा माल घेऊन आलेला शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाहत उभा असतो. आपल्याकडे निम्मे खेळाडू नवे आहेत. लांब मॅपवर किरेची किंमत किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तुम्ही बोली लावायला सांगणार, म्हणजे त्याने एकदा अज्ञानापोटी सोने गमवायचे आणि नंतर कौशल्य कमी पडल्यामुळे डाव गमवायचा. बंदी आंधळी असेल, परंतु ती दोघांनाही सारखीच आंधळी असते.

दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. सोने हे स्थिर माप नाही. आपण एक्स्पर्ट पातळीवर खेळतो आणि तिथे हातात १०,००० सोने असते. टॅव्हर्नमधला दुसरा हिरो २,५०० ला मिळतो. रोजचे उत्पन्न वाढवणारा टाउन हॉलही २,५०० चाच. पहिल्या दिवशी २,५०० सोडणारा खेळाडू बहुधा यांपैकी एक गोष्ट पुढे ढकलतो आणि ती ढकलली की त्यामागचे दिवसही सरकतात. पण कॅपिटॉल उभे राहून रोज ४,००० येऊ लागले की तीच रक्कम एका दिवसाच्या उत्पन्नातही भरून निघते. डाव दुसऱ्या आठवड्यात संपला तर तुमची बोली फार महाग ठरते आणि पाचव्यात गेला तर फुकट.

गो या खेळात पांढऱ्या बाजूला नंतर खेळण्याची भरपाई म्हणून कोमी, म्हणजे जादा गुणांची सूट, दिली जाते. जपानमध्ये ती ५.५ होती आणि २००२ मध्ये ६.५ केली, ती व्यावसायिक डावांची दीर्घ नोंद हाताशी होती म्हणून. प्रत्येक डावापूर्वी दोघांनी घासाघीस करून ती ठरत नाही. आपल्याकडे अशी कोणती नोंद आहे?

रामबागकर

नोंद नाही, हे खरे. परंतु कोमीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे, कारण तिथे काळ्या बाजूच्या पहिल्या खेळीवर कोणी बंदी घातली नाही, तिची किंमत लावली. (चीनमध्ये ती ७.५ आहे; तिथली मोजणीची पद्धत वेगळी आहे, हे मान्य.) सोन्याचे मोल दिवसागणिक बदलते म्हणूनच ते ओळखणे हा खेळाचा भाग ठरतो. नव्या खेळाडूंसाठी बोलीची कमाल मर्यादा २,००० ठेवू. त्याहून मोठी चूक कोणाला करताच येणार नाही.

स्नेहलतागंजची

तुम्ही दोघेही हिरो आणि टाउन यांचे मोल असे बोलता आहात, जणू ते डावाबाहेर कुठेतरी आधीच ठरलेले आहे. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा दुसरा संगणकीय युद्धखेळ पाहा. तिथे मूळ सहा गट आहेत, प्रत्येक गटाच्या नेत्यांची वेगळी मर्यादित यादी आहे आणि तरीही मी कोणाला बंदीची मागणी करताना पाहिले नाही. दिवसा ज्यांचा मारा २५ टक्क्यांनी वाढतो, त्यांचाच रात्री तेवढा घटतो. सांगाड्यावर भाल्याचा घाव साठ टक्के वाया जातो, पण गदेचा घाव उलट वीस टक्के अधिक लागतो. असमानता तिथेही भरपूर आहे. फक्त ती कोणाच्याही हातात सलग राहत नाही. ‘हीरोज ३’मध्ये तसे नाही, किरे सोमवारी जितकी वेगवान तितकीच रविवारी, त्यामुळे भरपाई बाहेरूनच करावी लागते.

मग सर्वांत सरळ उपाय का नको? एकाच मॅपवर दोन डाव खेळा आणि दुसऱ्यात बाजू बदला. कॉन्फ्लक्स कितीही बलवान असो, ते दोघांनाही एकेकदा मिळेल.

सुदामानगरवाला

तत्त्वतः याला माझी हरकत नाही. व्यवहारात एका डावाला अख्खी संध्याकाळ जाते, दोन डाव म्हणजे दोन संध्याकाळी, आणि दिवाळीत पाहुण्यांच्या गर्दीतून तेवढ्या संध्याकाळी काढणार कोण? शिवाय दुसऱ्या डावात मॅप दोघांनाही पाठ असेल. तो वेगळाच खेळ होतो.

कॉन्फ्लक्सबद्दल मात्र माझे मत बदलणार नाही. इतर टाउन्सच्या सातव्या पातळीचे प्राणी मूळ खेळात आठवड्याला एक वाढतात, कॉन्फ्लक्सचे फायरबर्ड दोन. आणि त्याचा फीनिक्स झाला की २१ च्या वेगाने तो सर्वांच्या आधी चाल करतो. याला २,००० सोन्याची किंमत लावणे म्हणजे बोलीचे नाव घेऊन दान देणे आहे. मर्यादा काढा किंवा बंदी ठेवा.

स्नेहलतागंजची

मॅप लहान घ्या, म्हणजे दोन्ही डाव एका संध्याकाळी बसतील. पाठ झालेल्या मॅपचा आक्षेपही मला पटत नाही, कारण तो दोघांनाही सारखाच पाठ असतो.

रामबागकर

लहान मॅपवर लॉजिस्टिक्सचे मोलच उरणार नाही, म्हणजे आपण प्रश्न न सोडवता तो टाळला. तरीही कॉन्फ्लक्सपुरती बंदी मी मसुद्यात ठेवतो, कारण मर्यादा आणि ते टाउन दोन्ही एकत्र नांदणार नाहीत, हा हिशेब मला मान्य आहे. तिन्ही हिरो मात्र बोलीवर खुले राहतील.

सुदामानगरवाला

आणि दोघांनाही एकच बाजू हवी असून दोघेही मर्यादेला, म्हणजे २,००० ला, येऊन थांबले, तर?

रामबागकर

तर चिठ्ठी, हरणाऱ्याला २,००० मिळतीलच.