नाव जुळलं म्हणजे माणूस तोच?

कादंबरीतल्या समुद्री चाच्याचं (इथे कादंबरीकार सबातिनीच्या 'कॅप्टन ब्लड'मधल्या लव्हासरचं) नाव जुन्या थडग्यावर दिसलं आणि शेजारी कवटी-हाडं कोरलेली असली की 'मूळ माणूस हाच', असं काही जण म्हणतात. मला ते घाईचं वाटतं.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचं ऑलिव्हिए लव्हासरचं थडगं बघा. 'ला ब्यूज' या टोपणनावाचा हा खराखुरा फ्रेंच चाचा आपल्याकडच्या इतिहासातही डोकावतो. १७२१ मध्ये गोव्याहून लिस्बनला निघालेलं पोर्तुगीज जहाज वादळात मोडकळीस येऊन रियुनियनला थांबलं होतं. गोव्याचा मावळता व्हाइसरॉयही त्यावर होता. लव्हासर आणि दुसरा चाचा जॉन टेलर यांनी ते तिथेच लुटलं. पुढे १७३० मध्ये लव्हासरला याच बेटावरच्या साँ-पोल गावी फाशी दिली. त्याचं म्हणून दाखवतात ते थडगं साँ-पोलच्याच समुद्राकाठच्या दफनभूमीत आहे, पण ती दफनभूमी सुरू झाली १७८८ मध्ये! म्हणजे फाशीनंतर तब्बल ५८ वर्षांनी. लोक मात्र तिथे अजून रमच्या बाटल्या ठेवून येतात. ठेवोत बापडे.

कवटीचं म्हणाल तर सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात अगदी सभ्य, देवभीरू लोकांच्या थडग्यांवरही ती कोरत. मरणाची आठवण, एवढाच अर्थ.

आता कादंबरी. सबातिनीच्या 'कॅप्टन ब्लड'मध्ये (१९२२) लव्हासर नावाचा फ्रेंच चाचा आहे. पण ते कथानक सतराव्या शतकाच्या अखेरचं, कॅरिबियनमधलं. त्याच भागातल्या टोर्टुगा बेटावर १६४० च्या दशकात ल व्हासर नावाचा फ्रेंच गव्हर्नर होऊन गेला. नाव उचललंच असेल, तर मला हा उमेदवार जास्त पटतो.