बागेतल्या तळ्यातले मासे पक्षी नेतायत, मदत हवी आहे

परसदार:
नमस्कार मंडळी. आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. घरामागे जांभ्याचं छोटं तळं बांधून घेतलंय. आठ फूट बाय पाच, मधे दोन फूट खोल, आणि कडेने कुंड्या ठेवायला पाण्याखाली वीतभरावर एक पायरी. डासांसाठी आधी गप्पी सोडले, मग लेकीच्या हट्टापायी गोल्डफिश आणि कोई (रंगीत जपानी मासे) आले.

भातकापणी होऊन मळे सुकले तसे पक्षी आमच्याकडे वळले. विजेच्या तारेवर एक खंड्या ठाण मांडून असतो. सकाळी मातकट रंगाचा, रेघारेघांचा बगळा कठड्यावर मान आखडून उभा राहतो. उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसतो. पण सगळ्यात मोठा कोई गेला तो रात्रीतून. सासरे म्हणतात मांजर, मला ते पटत नाही, कारण काठावर खवला नाही की काही नाही.

जुन्या सीड्या टांगल्या. दोन दिवस घाबरले, मग सरावले. वरून भाजीच्या मांडवाची नायलॉन जाळी टाकावी का? आमच्याकडे धामण, दिवड फिरतात, त्या अडकतील अशी भीती वाटते. शेजारचा मुलगा गलोल घेऊन तयारच आहे, त्याला मी हाकललं. तळंही दिसावं आणि मासेही राहावेत असं काही आहे का?

चिखलपाय:
ताई, खंड्याला सोडून द्या. तपकिरी डोकं, पांढरी छाती, लाल चोच असेल तर तो नाकतोडे, सरडे, खेकडे यांवरही पोट भरतो. गप्पी पिल्लं घालतात आणि भराभर वाढतात, चार गेले तर कळणारही नाही.

सकाळचा तो बगळा म्हणजे ढोकरी, वंचकही म्हणतात. रात्रीचा चोर बहुधा रातबगळा असावा. अंधार पडल्यावर वरून ‘क्वाक’ असा आवाज येतो का, ऐका. तो मासा अख्खा गिळतो, म्हणून खवले सापडत नाहीत. मांजराने काठावर काहीतरी पसारा ठेवला असता.

आणि खरी अडचण तुमची ती पायरी आहे. बगळ्याला बुडी मारता येत नाही, त्याला उभं राहायला उथळ जागा लागते, आणि ती तुम्ही बांधूनच दिलीत :) पायरीवर कुंड्या अगदी खेटून लावा, मधे पाय ठेवायला फट नको. पाणी काठोकाठ भरू नका. कठडा पाण्यापासून हातभर वर असेल तर वरून चोच पोचत नाही.

माडाखाली:
सैल नायलॉन जाळी अजिबात नको. धामण त्यात डोकं घालते, मग खवल्यांमुळे तिला मागे येता येत नाही. शिवाय सैल जाळीवर बगळा उभा राहतो, जाळी त्याच्या वजनाने पाण्याला टेकते आणि तो आरामात वरून टोचतो. लोखंडी चौकटीवर वेल्डमेश (तारा जोडून केलेली ताठ जाळी) ताणून घ्या, दोन भागांत, म्हणजे साफसफाईला उचलता येईल. फक्त रात्री ठेवली तरी चालेल, दिवसा तळं मोकळं दिसेल.

तळ्यावर तंगूस (गळाला लावतात ती नायलॉनची दोरी) बांधायचा सल्ला कुणीतरी देईलच. बांधलात तर ताणून बांधा आणि रंगीत चिंध्या लावा, नाहीतर पक्ष्याचा पंख अडकतो. गलोलवाल्याला सांगा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या पक्ष्यांना मारणं गुन्हा आहे.

हिरवाकंच:
प्लास्टिकचा बगळा ऑनलाइन मिळतो, ‘एक दिसला की दुसरा येत नाही’ म्हणून. ढोकऱ्या एकाच मळ्यात पाच-सहा उभ्या असतात, त्यांना काय फरक पडणार! पैसे वाचवा.

त्यापेक्षा माशांना लपायला जागा द्या. जुनी मंगलोरी कौलं तळाशी विटांवर आडवी ठेवा, चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे टाका, कडा मात्र घासून गुळगुळीत करा. कुमुदाच्या पानांनी अर्धं तळं झाकलं की वरून मासा दिसणं कठीण. जलपर्णी मात्र आणू नका. ती पसरली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि तिच्या गठ्ठ्यावर ढोकरी चक्क उभी राहते.

परसदार:
क्वाक! होय हो, रोज ऐकतो. आम्ही समजत होतो कुणाचं तरी बदक सुटलंय. सासऱ्यांना वाचून दाखवलं, मांजराची आज सुटका झाली.
पायरीवर कुंड्या लावायला घेते. वेल्डमेशची भोकं केवढी घ्यावीत? दिवडाची पिल्लं आत-बाहेर करू शकली पाहिजेत आणि बगळ्याची चोच आत जायला नको.

माडाखाली:
चोच बारीक असते, ती कुठल्याही भोकातून जाईल. भोकापेक्षा उंची बघा. जाळी पाण्यापासून फूट-दीड फूट वर राहिली की आत चोच घालून उपयोग नाही. एक इंची घ्या, फॅब्रिकेशनवाल्याकडे तयार असते. गंज लागतो, तेव्हा गॅल्व्हनाइज्डच मागा. आणि एका कोपऱ्यात दगड रचून पाण्याबाहेर येणारा उतार करा, बेडूक-दिवडांना बाहेर पडायला. फक्त तो कोपरा कुंड्यांच्या आड असू दे.