मदत हवी आहे – सोसायटीत 'अस्तु' दाखवू की नको?

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा लावतो, ज्येष्ठ मंडळीच जास्त, यावेळी निवड माझ्यावर आलीये आणि मी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीची जुनी फॅन, त्यामुळे डोक्यात पहिलं नाव आलं 'अस्तु'. मोहन आगाशेंचे संस्कृत पंडित अप्पा, स्मृतिभ्रंश झालेले, मुलगी गाडीतून उतरून कामाला जाते तेवढ्यात हे हत्तीच्या मागे चालत सुटतात. आणि माहुताची बायको, अमृता सुभाष, कानडी बोलणारी, ओळख ना पाळख, ती त्यांना पोरासारखं जेवू घालते आणि ते तिला आई म्हणतात. त्या सीनला मी दरवेळी रडते, भांडी घासताना नुसतं आठवलं तरी.

अडचण अशी की आमच्याच बिल्डिंगमधले एक काका हल्ली घराचा मजला विसरतात. काकू दर महिन्याला पहिल्या रांगेत, चिवड्याचा डबा घेऊन. त्यांना आधी सांगू का? सांगायचं तरी कसं? की गुपचूप सिनेमाच बदलू? 'दिठी' चा विचार केला, पण त्यात मुलगा गेलेला बाप आहे, शेवटी गाय विताना अडते आणि तो तिला सोडवायला जातो ते फार सुंदर आहे, पण तेही जडच हो. 'कासव' चालेल का? त्यातला मुलगा डिप्रेशनमधला, तरी समुद्र आहे, जरा मोकळं वाटतं.

घरात असं माणूस सांभाळलेल्या कुणी 'अस्तु' पाहिला असेल तर प्लीज सांगा, बरं वाटलं की त्रास झाला? रविवारच्या आत कळवायचंय.