मदत हवी आहे: चेनसॉ आणि ग्रास कटरसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात आमची हापूसची जुनी बाग आहे, कडेने थोडे काजू. बागेत दोन मशीनवर सगळं चालतं, ग्रास कटर आणि चेनसॉ. चेनसॉ घेतला २०२० साली. ३ जूनच्या निसर्ग वादळात आजोबांच्या हातची कलमं मुळासकट आडवी झाली आणि महिनाभर तोडायला माणूस मिळेना, तेव्हा. पाच वर्षं त्याने कधी दगा दिला नव्हता.

यंदा मे महिन्यात वाळक्या फांद्या काढून झाल्यावर मशीन पडवीत ठेवलं. ऑईल मिसळलेलं तीनेक लिटर पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमध्ये उरलं होतं, तेही शेजारीच. गणपती झाल्यावर वाटेवर पडलेला फणस कापायचा होता म्हणून त्याच कॅनमधलं पेट्रोल भरलं. सात-आठ वेळा दोरी ओढल्यावर चालू झालं, पाच मिनिटं बरं चाललं, मग आवाज एकदम चढला, चिरका झाला आणि मशीन बंद. दोरी जागची हलेना. मेकॅनिकने सायलेन्सर काढून बॅटरी मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे. त्याचा पहिला प्रश्न, "ऑईल घालायला विसरलात का?" विसरलो नव्हतो. लिटरला २० मिली, मापाने मोजून घातलं होतं.

घरी येऊन कॅनमधलं उरलेलं एका पारदर्शक बाटलीत ओतलं. वरचा भाग ऑईलच्या रंगाने हिरवा, आणि तळाशी तीन-चार बोटं पांढुरकं, गढूळ काहीतरी. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. बाटली हलवली की सगळं एक व्हायचं, थोड्या वेळाने पुन्हा दोन थर. कॅनच्या झाकणाचा वायसर गेलेला आणि वर पडवीच्या पागोळ्या, म्हणजे पाणी शिरलं ते माझ्या चुकीने. पण पूर्वी पाणी शिरलं तर ते पाणी तेवढंच खाली बसायचं. आता पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल (एक प्रकारचा अल्कोहोल) पाण्याला धरतं आणि ठरावीक प्रमाणाच्या वर पाणी गेलं की पेट्रोल सोडून त्याच्यासोबत तळाला जातं. ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर पडून असतो तळाशी. म्हणजे माझ्या मशीनने ऑईल नसलेलं, नुसतं पाणी-इथेनॉल ओढलं आणि पिस्टनला वंगणच मिळालं नाही. हे कळलं तेव्हा पोटात खड्डा पडला.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये ५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवून सुरुवात झाली, २०२२ मध्ये ते १० टक्के झालं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आलं. इथेनॉलला माझा विरोध नाही. घाटावरच्या आमच्या नातेवाइकांचा ऊस त्यातच जातो, त्यांची बिलं वेळेवर निघाली तर आनंदच आहे. पण माझ्या चेनसॉच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल वापरू नका असं लिहिलंय. गाड्यांबद्दल सगळीकडे चर्चा चालते. फवारणीचा पंप, ग्रास कटर, चेनसॉ, विहिरीवरचं छोटं इंजिन यांचं कोणी नावही काढत नाही, आणि बागायतदाराचं पोट यांच्यावरच आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं:

पुण्याला महिन्यातून एक फेरी असते. तिथे १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, त्यात इथेनॉल नसतं म्हणतात. कोणी स्वतः तपासलंय का? नेहमीचं पेट्रोल वापरायचंच झालं तर कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवावा? आणि ग्रास कटरची पेट्रोलची नळी बोटाने दाबली तर चिकट लागते, फुगल्यासारखी झालीय. दुसऱ्या कुठल्या प्रकारची बसवावी? नवरात्राआधी बेणणी (बागेतलं गवत काढणं) उरकायची आहे, मजूर ठरलेत.

प्रतिसाद १
दादा, मी कुडाळला हीच मशीनं दुरुस्त करतो. यंदा आलेल्या कार्बोरेटरांत निम्म्यांचा डायाफ्राम (आतला पातळ पडदा) कडक झालेला, कागदासारखा वाजतो. नळी काळ्या रबराची नको, व्हिटॉनची मागा. महाग आहे पण फुगत नाही. स्क्रूचं असं आहे की इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. 'एच' लिहिलेला स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने अगदी थोडा, एका वेळी आठवा हिस्सा उघडा. किती फेरे ते विचारू नका, कान द्या. हवेत फुल रेस दिल्यावर आवाज थोडा भरडा, फडफडता हवा आणि लाकडात घातल्यावर मोकळा व्हायला हवा. हवेतच सुरेल, चिरका लागला तर लगेच बंद करा. तुम्ही लिहिलेला शेवटचा चढलेला आवाज तोच.

प्रतिसाद २
पुण्याहून. १०० ऑक्टेनवालं मी मोजपात्रात तपासलंय. २० मिली पाणी, वर ८० मिली पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेवायचं. साध्या पेट्रोलला पाण्याची रेघ २० वरून ३५ च्या आसपास चढली, १०० ला जागची हलली नाही. ९५ वाल्याच्या नादी लागू नका, त्यात इथेनॉल असतं. दर दीडशेच्या वर आहे, पण चेनसॉला वर्षाला लागतं किती? तपासलेलं पेट्रोल परत मशीनमध्ये मात्र घालू नका.

प्रतिसाद ३
मी न्यू जर्सीत असते. इथे पंपावर बहुतेक १० टक्केवालं येतं, आणि १५ टक्क्यांच्या नळीवर नारिंगी पट्टी असते की बागेच्या मशीनला हे वापरू नका. हार्डवेअरच्या दुकानात इथेनॉल नसलेलं, ऑईल मिसळून तयार असं डब्यात मिळतं. बाबांच्या बागेसाठी तिकडे तसं काही मिळतं का हे मीही शोधतेय.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. पिस्टन आणि सिलिंडरचा सेट मागवलाय. पुण्याहून पत्र्याच्या कॅनमध्ये पाच लिटर १०० वालं आणतोय, ते फक्त चेनसॉला. ग्रास कटर रोज चालतो, त्याला साधंच, पण आठवड्यापुरतंच मिसळणार आणि काम संपलं की टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवणार. कुडाळच्या दादांना एकच विचारायचंय: माझ्या ग्रास कटरच्या 'एच' स्क्रूवर प्लास्टिकची टोपी आहे, ती पाव फेऱ्यापुढे फिरू देत नाही. काढली तर चालेल का?