फारोचे मन नेमके कोणी कठीण केले?

प्रश्न: इस्राएली लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी पाठवलेला मोशे मिसर देशात पोहोचण्याआधीच, बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 4 थ्या अध्यायात, परमेश्वर त्याला सांगतो की मी फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, मन कठीण करीन. मग त्या लोकांना न सोडण्याच्या त्याच हट्टासाठी राजाला दहा पीडांची, म्हणजे देवाने मिसरवर आणलेल्या संकटांची, शिक्षा देणे न्याय्य कसे ठरते?

पहिला प्रतिसाद: पीडांचा क्रम बारकाईने पाहावा. बेडकांपासून सुटका होताच फारो स्वतःच मन कठीण करतो, गोमाश्यांनंतरही तेच; पीडा सुरू झाल्यावर परमेश्वराने ते कठीण केल्याचा उल्लेख सहाव्या, म्हणजे गळवांच्या पीडेपाशी प्रथम येतो. बिछान्यात आणि पीठ मळण्याच्या परातीत बेडूक असताना, ते कधी दूर व्हावेत असे मोशेने विचारल्यावर हा राजा ‘उद्या’ म्हणतो! त्या एका रात्रीत मला त्याचा सारा स्वभाव दिसतो.

दुसरा प्रतिसाद: मूळ हिब्रूत येथे एकच शब्द नाही. ‘हाझक’ म्हणजे बळकट करणे, तर ‘कावेद’ म्हणजे जड. मोशे आपल्या जड जिभेविषयी बोलतो तेव्हाही हाच दुसरा शब्द येतो. त्यामुळे देवाने फारोवर नवी इच्छा लादली नाही, तर त्याच्याच निर्णयावर टिकून राहण्याचे बळ त्याला दिले, असा अर्थ मला अधिक पटतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. राजापुरते हे उत्तर पटते. परंतु 11 व्या अध्यायात, शेवटच्या पीडेविषयी, जात्यामागे बसलेल्या दासीचा प्रथमपुत्रही मरणार असे सांगितले आहे, आणि तिने तर कोणालाच अडवून ठेवले नव्हते.