सियाझचे टायर बदलायचेत, रोज समृद्धीने जालना अपडाऊन, जास्त टिकणारे कोणते घ्यावेत?

रोजचा_जालनेकर

मंडळी नमस्कार. गाडी २०१८ ची सियाझ पेट्रोल, टायर साइज १८५/६५ आर १५. राहायला संभाजीनगर आणि नोकरी जालना एमआयडीसीत, त्यामुळे सावंगीला समृद्धीवर चढायचं, जालन्याला उतरायचं आणि संध्याकाळी तेच उलटं. घर ते कंपनी धरून दिवसाला सव्वाशे किमी होतात, म्हणजे महिन्याला तीन-सव्वातीन हजार. स्पीड १०० ते ११०, त्याच्या वर नेत नाही.

आता प्रॉब्लेम असा की गाडीसोबत आलेला सेट ५५ हजार चालला होता आणि तेव्हा गाडी गावातच जास्त फिरायची. हा दुसरा सेट ४१ हजारातच पुढून गोटा व्हायला आलाय. हायवेवर टायर जास्त टिकतो असं ऐकलं होतं, इथं तर उलटंच व्हायलंय. ऑफिसातला एकजण म्हणतो सिमेंटचा रोड टायर खातो, दुसरा म्हणतो कंपनी चुकीची घेतली. दुकानदार म्हणायलाय चारही बदला, आणि वरून उन्हाळ्यात हवा २८ पीएसआयच ठेवा म्हणजे फुटायची भीती नाही.

मला एक लाख किमी वगैरे नको, ७० हजार निघाले तरी खूष. कोणता घेऊ?

चाकं_आणि_चहा

भाऊ तुझ्या साइजमध्ये चिक्कार ऑप्शन आहेत. टिकाऊ म्हणून विकतात ते म्हणजे गुडइयर ड्युराप्लस २, सिएट मायलेज एक्स३, अपोलो अमेझर ४जी लाइफ, आणि थोडे जास्त पैसे टाकायचे असतील तर मिशेलिन एक्सएम२ प्लस. मी एक्सएम२ प्लस वापरतो, ४८ हजार झालेत आणि अजून बराच रबर आहे, पण माझं रनिंग तुझ्याइतकं नाही.

पॅकेटवरच्या लाख किमीच्या आकड्यावर जाऊ नकोस, तो आदर्श परिस्थितीतला असतो. काही टायरवर ट्रेडवेअर म्हणून नंबर असतो, ४०० वाला २०० वाल्याच्या दुप्पट टिकावा असा हिशोब, पण ती टेस्ट ज्याची त्याची कंपनीच करते, त्यामुळे एका कंपनीच्या दोन मॉडेलची तुलना करायला ठीक आहे, दोन वेगळ्या कंपन्यांची करायला नाही.

बीडबायपास

१९५/६५ टाक ना राव. रुंद टायर, जास्त ग्रिप, गाडी पण थोडी उंच होते, स्पीडब्रेकरला खाली घासत नाही. माझ्या भावाने टाकलेत, मस्त चालतात.

अलाइनमेंट_काका

वीस वर्षं टायरच्या धंद्यात आहे म्हणून बोलतो. कोणता घेऊ हा प्रश्न नंतर. आधी गाडी सपाट जागेवर लाव, स्टेअरिंग पूर्ण वळव आणि पुढच्या टायरवर हात फिरव, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. मधला पट्टा जास्त घासला असेल तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी, एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत नाहीत, आणि मधेमधे खड्डे खड्डे लागत असतील तर शॉकअप नाहीतर बॅलन्सिंग. हे न बघता कितीही भारी टायर घेतलास तरी तोही ४० हजारातच जाणार.

२८ चं जे सांगितलंय ते कृपा करून विसर. हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे की उन्हात हवा फुगते म्हणून कमी भरायची. फुगते हे खरं, तापमान पाच-सहा डिग्री वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो. म्हणजे सकाळी ३३ भरलेली जालन्याला पोचल्यावर ३७-३८ दिसली तर ते नॉर्मल आहे, टायर तेवढं धरूनच बनवलेला असतो. पण हवा कमी असली की टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, प्रत्येक चक्कराला दबते आणि उठते, त्या दाबण्या-उठण्यातच उष्णता तयार होते, आणि समृद्धीसारख्या रस्त्यावर तासभर एका स्पीडने पळताना ती निघून जायला वावच मिळत नाही. आतलं रबर सुटतं आणि मग फुटतो. फुटलेले टायर बघितलेत मी, बहुतेकांची साइडवॉल आतून भाजल्यासारखी काळी पावडर झालेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा, तोही सकाळी गाडी थंड असताना. साठ किमी पळवून आल्यावर गरम टायरची हवा सोडून आकडा जुळवायचा नाही.

आणि नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायचे असतील तर दे, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

बीडबायपास, १९५/६५ चा व्यास १८५/६५ पेक्षा १३ मिमीने मोठा होतो, दोन टक्के. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ ला असेल, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी. करू नये असं नाही, पण टिकण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही.

पावसाळी_नाशिककर

टिकण्याचं चाललंय म्हणून एक सांगते. मी नाशिक-भिवंडी करते, आठवड्यातून तीनदा. मागच्या वेळी खास टिकाऊ म्हणून घेतलेले टायर (कंपनीचं नाव नाही घेत) खरंच झिजत नव्हते, पण जुलैत कसाऱ्याला घाटात ब्रेक दाबला तर गाडी थांबायच्या ऐवजी सरकत सरकत ट्रकच्या मागे जाऊन एक हातावर उभी राहिली. रबर कडक असलं की टिकतं, पण ओल्यात धरत नाही, दोन्ही पाहिजे असेल तर पैसे मोजावे लागतात. तुमच्याकडे पाऊस कमी आहे हे मान्य, तरी सिमेंटवर पाणी साचतंच की. आणि टायर संपल्याची टीडब्ल्यूआयची खूण १.६ मिमी खाचेला असते म्हणून तिथपर्यंत थांबू नका, मी ३ मिमी राहिले की बदलते, त्याच्या खाली पाणी बाहेर फेकायला खाचाच उरत नाहीत.

रोजचा_जालनेकर

काका, तुमचं वाचून आज सकाळी पार्किंगमध्ये पालथा पडून बघितलं, शेजारचे विचारत होते काय हरवलं म्हणून 😅

पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा पार गुळगुळीत, डावीकडे तर तार दिसायच्या बेतात. बाहेरून बघितलं तर चांगले ३-४ मिमी आहेत, त्यामुळे इतके दिवस कळलंच नाही. मागचे दोन्ही एकसारखे घासलेत, ५ मिमी तरी असतील. रोटेशन, म्हणजे पुढचे-मागचे टायर अदलाबदल, ४१ हजारात एकदाही केलं नाही, कोणी सांगितलंच नाही. दारावरच्या स्टिकरवर पण २८ पेक्षा जास्तच आकडा निघाला.

म्हणजे मी वर्षभर अशा टायरवर ११० ने जायलोय. बायकोला सांगितलेलं नाही अजून.

अलाइनमेंट_काका

सांगूही नको, आधी पुढचे टायर बदल, आज उद्याच. तार दिसायला लागलेला टायर समृद्धीवर न्यायचा नाही, तोपर्यंत बसने जा.

दोन्ही आतल्या कडा गेल्यात म्हणजे टो बाहेर गेलाय, चाकं पुढच्या बाजूने फाकलेली आहेत. नुसतं अलाइनमेंट करून भागणार नाही, कारण ते का हललं ते बघावं लागेल. टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा चाकाजवळचा सांधा) आणि लोअर आर्मचे रबरी बुश हलवून बघायला सांग, ढिले असतील तर आज जुळवलेलं दोन महिन्यांत परत हलणार. चार टायर घ्यायची गरज नाही, मागचे चांगले आहेत ते पुढे घे आणि नवीन दोन मागे टाक. सगळ्यांना उलटं वाटतं, पण मागचा टायर ओल्यात सुटला की गाडी फिरते, पुढचा सुटला तर निदान सरळ जाते. मग दर ८-१० हजाराला रोटेशन.

घेताना साइडवॉलवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे बघ, ३५२५ असेल तर २०२५ चा ३५ वा आठवडा. सहा महिन्यांपर्यंतचा असेल तर हरकत नाही. साइजच्या पुढे ८८एच किंवा ८८टी असेल, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, टी म्हणजे ताशी १९० किमी पर्यंत, एच म्हणजे २१० पर्यंत. तुला दोन्ही चालतील, पण त्याहून कमीचा गळ्यात मारून घेऊ नकोस. आणि सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, बिल पक्कं घे आणि रेट त्याच हिशोबाने लावलाय का बघ.

सिमेंटचं म्हणशील तर थोडाफार फरक पडतो, आवाज तर येतोच, पण तुझ्या टायरची आतली कड सिमेंटने नाही खाल्ली.

रोजचा_जालनेकर

अपडेट. दोन्ही टाय रॉड एंड ढिले निघाले, बुश ठीक होते. एंड बदलले, एक्सएम२ प्लस दोन घेतले आणि मागे टाकले, मागचे पुढे आले, अलाइनमेंट बॅलन्सिंग धरून सतरा हजारात काम झालं. दुकान बदललं हे वेगळं सांगायला नको. हवा स्टिकरप्रमाणे भरली, पहिल्याच दिवशी गाडी हलकी वाटायली.

एकच राहिलं, स्टेपनी काढून बघितली तर कोड २२१८. एकदाही रस्त्याला लागलेली नाही, नव्यासारखी दिसते. ठेवू का?

अलाइनमेंट_काका

आठ वर्षांची झाली की रे ती. पंक्चर झालं तर जवळच्या दुकानापर्यंत ७०-८० ने न्यायला ठीक, चारमध्ये मिसळून रोज पळवायला नाही. आणि आत्ता जाऊन तिच्यात हवा किती आहे ते बघ.

रोजचा_जालनेकर

१४ 🙏